तळहाताची साक्ष

"आरशात बघून कोणी वर जात नसतं, सेक्रेटरीसाहेब. माणूस वर जातो तो दोरावर."

हे वाक्य मास्तरांनी गेल्या अठ्ठावीस वर्षांत कितीतरी इमारतींच्या सेक्रेटरींना ऐकवले होते. लिफ्टची देखभाल हा त्यांचा व्यवसाय. प्रारंभी लोक त्यांना लिफ्टमास्तर म्हणत. पुढे लिफ्ट गळून पडली आणि नुसते मास्तर उरले. आज समोर उभे असलेले सेक्रेटरी औषधांचे घाऊक व्यापारी होते, आणि लिफ्टच्या पाळण्यात नवा आरसा, चकचकीत कठडा आणि छताला दिव्यांची माळ बसवावी असा त्यांचा आग्रह होता.

"अहो मास्तर, दोर कोण बघतंय? पाहुणा आला की त्याला आरसा दिसतो. दोराचं पुढच्या वर्षी बघू."

"दोर कोणी बघत नाही, म्हणूनच तर..."

वाक्य तेथेच अडले. एरवी त्याच्या पाठोपाठ, ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्या उस्तादांचे वचन ठरलेले असे: जे दिसत नाही तिथे हात आखडायचा नाही, आणि जे दिसते तिथे थाट करायचा नाही. हे वचन ऐकवून मास्तर सेक्रेटरींशी कडाकडा भांडत, दोर बदलून घेत आणि चहा घेऊन निघत. आज ते वचन ओठांपर्यंत आले आणि आल्या पावली परत फिरले.

"तुम्हीच ठरवा काय ते," ते म्हणाले आणि त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली.

सेक्रेटरी चक्रावले. "काय हो मास्तर, बरं नाही का? भांडला नाहीत आज."

मास्तर जिना चढून गच्चीवरच्या यंत्रघरात गेले. तेथल्या तीनपायी स्टुलावर बसून त्यांनी आपला उजवा तळहात मांडीवर उलटा ठेवला. या हाताकडे पाहण्याचे धैर्य त्यांना चार दिवसांपासून होत नव्हते.

मास्तरांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून चिमी नाव पडले. आता ती बापापेक्षा दोन बोटे उंच होती, तरी नाव तेच राहिले. डोळ्यांच्या एका दवाखान्यात ती आलेल्या रुग्णांची नावे लिहून घेण्याचे काम करी. घरी आली की जुन्या, धापा टाकणाऱ्या कॉम्प्युटरवर एक खेळ खेळे. दूरदूरच्या गावचे, तिने कधीही न पाहिलेले चार सवंगडी आणि ती, असे पाच जण मिळून एक पूल राखीत. बाकीचे पुढे धावत; चिमी मागे राहून त्यांची पाठ सांभाळी. परंतु ऐन हल्ल्याच्या क्षणी तिचा कॉम्प्युटर गोठून जाई.

"मी मेले की चौघंही मरतात, बाबा," ती कळवळून सांगे.

"रोज मरतेस," स्वयंपाकघरातून आई म्हणे, "पण जेवायला बरी वेळेवर जिवंत होतेस."

चिमीने नवा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडायचे ठरवले. दोन वर्षे तिने पगारातून थोडे थोडे बाजूला ठेवले आणि एकेक भाग आणला. आधी प्रोसेसर, मग मदरबोर्ड, मग मेमरी. सर्वांत महाग ते ग्राफिक्स कार्ड. ते तिने दवाखान्यातल्या परिचारिकेच्या भावाकडून वापरलेले, पण नीट पारखून घेतले. हे सारे कपाटात स्वेटरच्या घड्यांमध्ये विसावले होते, आणि मधूनमधून ती एखादा डबा उघडून आत डोकावे व पुन्हा मिटून ठेवी. शेवटी दोन वस्तू उरल्या. साऱ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, आणि हे सारे ज्यात बसवायचे ती पेटी, म्हणजे कॅबिनेट. तिची सुट्टी आणि दुकानाची सुट्टी एकाच वारी येई. म्हणून तिने यादी करून पाकिटासह वडिलांच्या हाती दिली. यादीत पॉवर सप्लायचे नाव लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. कॅबिनेटपुढे लिहिले होते: कुठलेही, सर्वांत स्वस्त, हवा खेळली की झाले.

"बाबा, रेघांच्या वस्तूत बदल नको हं. आणि विजेतलं तुम्हाला कळतं, म्हणून मी निर्धास्त आहे."

दुकानात शिरताच मास्तरांची दृष्टी एका पेटीवर खिळली. तिची एक बाजू संपूर्ण काचेची होती. आत तीन पंखे संथ फिरत होते, आणि त्यांच्या कडांतून निळा, मग जांभळा, मग सोनेरी प्रकाश असा ओघळत होता की जणू पाण्याखाली कोणी दिवा घेऊन चालले आहे.

मास्तर त्या पेटीपुढे बराच वेळ उभे राहिले. दोन वर्षे आपल्या डोळ्यांदेखत लेकीने काडी काडी जमवली. त्या कपाटातल्या एकाही डब्यावर बापाचे बोट उमटलेले नव्हते. दर महिन्याला ते मनाशी म्हणत, या खेपेला काहीतरी आपण घेऊन देऊ. आणि दर महिन्याला तो विचार महिनाअखेरीबरोबर विरून जाई. हे शल्य त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही.

"मुलीसाठी ना, काका?" दुकानदाराने ओळखले. "मग हीच न्या."

"एवढ्या पैशांत बसत नाही."

"बसवायचं, काका. तुमच्या यादीतला पॉवर सप्लाय आहे ना, त्यात निम्मे पैसे नावाचे आहेत. हा घ्या. वॉट तेवढेच, साडेसहाशेला साडेसहाशे. आणि तो काय, आत जाऊन बसणार. त्याला कोण बघतंय?"

असे म्हणून दुकानदाराने एक खोके मास्तरांच्या तळहातावर ठेवले.

उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवलेली गोष्ट अशी होती की विजेची कोणतीही वस्तू घेताना आधी तळहातावर तोलायची, मग तिच्यावरचे लिखाण वाचायचे. गुंडाळीत तांबे असते आणि तांब्याला वजन असते. छापलेल्या आकड्याला वजन नसते. असे तोलता तोलता मास्तरांचा हात इतका जाणता झाला होता की मोटार नुसती उचलून तिच्या आतल्या तारेची प्रत ते सांगत, आणि सोबतचे कारागीर त्यांची परीक्षा घेऊन थकले होते.

ते खोके हलके होते.

थोडेथोडके नव्हे, पुरते हलके. तळहाताने आपला निर्णय तत्क्षणी दिला. मास्तरांनी ते खोके उजव्या हातातून डाव्या हातात घेतले, जणू दुसऱ्या हाताकडून निराळा निकाल मिळेल. डाव्या हातानेही तेच सांगितले. तेव्हा त्यांनी एकवार काचेच्या पेटीकडे पाहिले आणि ते म्हणाले, "बांधा दोन्ही."

घरी पेटी उलगडली तेव्हा चिमी पुढे सरकली. तिने काचेवरून हलकेच बोट फिरवले आणि मग स्वतःच्या बाहीने तो बोटाचा ठसा पुसला.

"यादीत ही नव्हती, बाबा."

"ही माझ्याकडून," मास्तर म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि गेलेच. आईने सुद्धा हातातले काम थांबवून नवऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात कौतुक होते, आणि ते मास्तरांना पुष्कळ दिवसांनी लाभत होते. चिमीने दुसरे खोके उचलले. "तो रेघांचा नाही मिळाला का?"

"त्याच्यापेक्षा बरा आहे हा. बघितलाय मी."

"मग झालं तर," ती म्हणाली.

पुढच्या सुट्टीला दुपारभर तिने कॉम्प्युटर जोडला. मास्तर टॉर्च धरून शेजारी बसले होते. प्रत्येक भागाला हात लावण्यापूर्वी ती खिडकीच्या लोखंडी गजाला स्पर्श करी, अंगावरची वीज निघून जावी म्हणून. प्रत्येक स्क्रू ती आधी बोटांनी आणि मग पेचकसाने, तिरका न जाऊ देता बसवी. ते पाहताना मास्तरांच्या मनात आले, असे हात आपल्या हाताखाली शिकायला आलेल्या कोणाचेच नव्हते. बटण दाबताच पेटी उजळली आणि भिंतीवर निळे पाणी हलू लागले.

तीन दिवस पूल उत्तम राखला गेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी ऐन चकमकीत शेंग तडकावी तसा एक आवाज आला आणि दिवे विझले. मास्तर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. वास त्यांच्यापर्यंत आला, आणि तो कशाचा हे त्यांना उठण्यापूर्वीच समजले. जळलेल्या गुंडाळीचा वास त्यांच्या आयुष्याचा सोबती होता.

दुसऱ्या दिवशी बापलेक ती पेटी दोघांत धरून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. खोली अरुंद होती म्हणून मास्तर दारातच उभे राहिले. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड तपासला, कार्ड तपासले, आणि दोन्ही गेले असे सांगितले.

"जोडलं कोणी होतं?"

"मी," चिमी म्हणाली.

"तरीच. हौसेनं जोडायला जातात, काहीतरी राहून जातं. पॉवर सप्लाय कुठला टाकलाय?"

"तो बरोबर आहे," चिमी लगेच म्हणाली. "माझ्या बाबांनी आणलाय. ते लिफ्टचं काम करतात, विजेतलं सगळं कळतं त्यांना."

"मग तुमच्याच हातून काहीतरी झालंय, ताई."

चिमीने होकारार्थी मान हलवली. दारातल्या मास्तरांनीही त्या वेळी काहीतरी करावयास हवे होते. त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवले.

त्यानंतर ती दुपार पुन्हा पुन्हा आठवण्याचा नाद चिमीला जडला. कोणता स्क्रू अधिक आवळला गेला, कोणत्या वेळी गजाला हात लावायचा राहिला, हे ती जेवताना, केस विंचरताना, चप्पल घालताना स्वतःशी पडताळून पाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नवे कॉम्प्युटर आणवले होते. ते जोडून द्यायचे आणि पुढे त्यांची देखभालही पाहायची, जमेल का, असे त्यांनी चिमीला विचारले होते. नावे लिहिण्याच्या खिडकीतून उठण्याची ही पहिली संधी होती, आणि सुट्टीनंतर कळवते असे ती सांगून आली होती.

"नाही म्हणून टाकते," तिने आईला सांगितले. "माझ्या हाताला ते जमत नाही. दुसऱ्याच्या वस्तूची राख कशाला?"

एके सकाळी घरात कोणी नसताना मास्तरांनी तो पॉवर सप्लाय उघडला. आत निम्मी जागा रिकामी होती. गुंडाळी अंगठ्याएवढी, तारा केसासारख्या, आणि एका कोपऱ्यात कपॅसिटरचे फुगून फाटलेले काळे टोपण. जे तळहाताला ठाऊक होते ते डोळ्यांनीही पाहिले. मग मास्तरांनी चारही स्क्रू पुन्हा जसेच्या तसे बसवले आणि पत्र्यावरचे आपल्या बोटांचे ठसे फडक्याने पुसून काढले. आयुष्यात त्यांनी अनेक यंत्रे पुसली होती; परंतु आपण तेथे होतो हे लपवण्यासाठी पुसण्याची वेळ पहिलीच होती.

यंत्रघरातल्या स्टुलावरून मास्तर उठले. टॉर्चच्या उजेडात त्यांनी दोर तपासला. बारीक तारा तुटून काट्यांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी लिफ्ट तळमजल्यावर आणून ठेवली, मुख्य खटका पाडला आणि दारावर 'बंद' ही पाटी अडकवली.

"अहो, पाचव्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत," सेक्रेटरी धावत आले.

"म्हणूनच बंद केली. दोर आणा, मग उघडतो," मास्तर म्हणाले. पुढे अगदी हळू, जणू सेक्रेटरींना नव्हेच, ते म्हणाले, "बंद आधीच करायला हवी होती."

घरी आले तेव्हा दुपार कलंडली होती. चिमी घरीच होती. तिने कॉम्प्युटर सुटा करून सारे भाग जमिनीवर मांडले होते. जे शाबूत होते ते विकावे असा तिचा बेत होता. काचेची पेटी मात्र तिने जुन्या चादरीत गुंडाळायला घेतली होती.

"ही नाही विकायची," वडिलांकडे न पाहताच ती म्हणाली. "ही तुम्ही दिलीय. राहू दे कपाटावर."

मास्तर पिशवीसकट खाली बसले. समोरचा पॉवर सप्लाय त्यांनी उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"हात पुढे कर."

"कशाला?"

"कर गं."

त्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला. "काय वाटतं?"

"काय वाटायचंय? हलका आहे."

"त्या दिवशी दुकानात मलाही हलका लागला. दोन्ही हातांना."

चिमीने वर पाहिले. स्वयंपाकघरात वाहणारा नळ बंद झाला.

"मग आणलात कशाला?"

"त्याच्यात पैसे उरत होते." मास्तरांनी चादरीकडे बोट केले. "पेटीपुरते."

"म्हणजे पेटी..."

"तुझ्याच पाकिटातली. माझ्याकडून काही नव्हतं. आत तांबं नव्हतं, अर्धा पोकळ आहे तो. मी उघडून बघितलाय. बोर्ड त्यानं घेतला, कार्ड त्यानं घेतलं. तू काही चुकली नाहीस. एक स्क्रू चुकला नव्हता तुझा."

चिमीने तो पत्र्याचा डबा हातात फिरवून पाहिला. मग तिने एकच विचारले, आणि तेच विचारले जाईल याची मास्तरांना धास्ती होती.

"दुरुस्तीवाला बोलत होता तेव्हा तुम्ही दारातच होतात ना?"

"होतो."

"ऐकू येत होतं?"

"सगळं."

ती आणखी काही बोलली असती तर मास्तरांना सोसले असते. डबा खाली ठेवून तिने आपले दोन्ही हात उघडले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले, आणि पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे पाहावे तशी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ती उठून आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "हो, मॅडम. मी जोडते. मला जमेल."

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "अठ्ठावीस वर्षं लोकांना सुखरूप वर नेलंत," ती म्हणाली. "आणि लेकीला बरोबर मधल्या मजल्यावर अडकवून ठेवलंत. चार दिवस."

"हो," मास्तर म्हणाले.

"मलाही भुलवलंत. मी त्या दिवशी मनात म्हटलं, माणसानं कधी नव्हे ते काहीतरी..." तिने वाक्य पुरे केले नाही. नळ पुन्हा वाहू लागला.

काचेची पेटी चिमीने त्याच आठवड्यात विकली. घ्यायला आलेल्या माणसाला ती जिन्यापर्यंत मास्तरांनीच उचलून दिली. चिमी वडिलांशी बोलत असे. चहा झाला का, किल्ली कुठे आहे, छत्री न्या, असे सारे बोलणे होई, आणि त्यात काही उणे काढता येऊ नये इतके ते नीट असे. फक्त टॉर्च धरायला तिने त्यांना पुन्हा बोलावले नाही. टॉर्च ती आता पुस्तकांच्या चळतीवर टेकवून ठेवी.

काही महिने गेले. मास्तरांनी जमेल तसे, न बोलता, तिच्या कपाटातल्या पाकिटात काही ठेवावे; आणि तिने दुसऱ्या दिवशी ते तितक्याच शांतपणे त्यांच्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवावे. तिसऱ्या खेपेला तिने परत केले नाही. त्याचा अर्थ काय लावावा हे मास्तरांना कळेना, आणि विचारण्याचा अधिकार आपला उरलेला नाही हे मात्र कळत होते.

मग एका दुपारी दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन ती आली. "दुकानात जातेय," ती म्हणाली. पायात चप्पल सरकवताना तिने पुढे म्हटले, "येणार असाल तर चला."

यादी तिच्याच हाती होती. एका वस्तूखाली दोन रेघा ओढलेल्या, आणि बाकीचे पुढच्या कधीतरीसाठी. दुकानाच्या पायरीशी ती थांबली.

"तुम्ही इथंच थांबा, बाबा."

मास्तर थांबले. काचेच्या दारातून आतले दिसत होते. निळे-जांभळे दिवे फिरत होते, आणि त्यांच्याकडे पाठ करून चिमी दुकानदाराशी बोलत होती. त्याने एक खोके काढले, तिने मान हलवली. दुसरे काढले, तिने पुन्हा मान हलवली. तिसरे खोके तिने दोन्ही हातांत घेतले, डोळे किंचित मिटले, आणि तळहातांवर घटकाभर तसेच राहू दिले. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिने ते एकदाच, एका दुपारी, जमिनीवर बसून केले होते.

ज्या जागी काम चालू आहे त्या जागेच्या बाहेर मास्तर आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देण्यासाठी ते भिंतीला सरकले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

ती बाहेर आली. पायऱ्या उतरून तिने खोके त्यांच्यापुढे केले.

"धरा. जपून."

त्यांनी हात पुढे केले. खोके तळव्यांवर येताच दोन्ही हात वीतभर खाली गेले. चिमी तोवर रस्त्याला लागली होती. मास्तर तिच्या मागून, दोन पावले अंतर राखून चालू लागले. खोक्यावर काय छापले आहे ते त्यांनी वाचले नाही, आणि वाट बरीच लांबची असूनही त्यांनी ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतले नाही.